स्वमग्न मुलांचा राग वेगळा का दिसतो आणि तो कसा ओळखावा

सोलापुरातील एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचा मुलगा सात वर्षांचा असून तीन वर्षांपूर्वी त्याला स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले. तो दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो. त्याच्या थोरल्या बहिणीला राग आला की ती गाल फुगवून बसते, उलट बोलते, दार आपटते आणि अर्ध्या तासात पुन्हा आईच्या मागेपुढे करू लागते. मुलाचे तसे नाही. त्याच्यावर रागावले तर तो हसतो. दिवसभर शांत असतो आणि संध्याकाळी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून स्वतःच्या मनगटाला चावतो, भिंतीवर डोके आपटतो, हाताला लागेल ते फेकतो. शाळेतून ‘इथे काही त्रास नाही’ असा निरोप येतो, तर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की लाडाने बिघडला आहे, दोन धपाटे दिले की ताळ्यावर येईल. स्वमग्न मुलांना राग जास्त येतो का, तो असा वेगळा का दिसतो आणि घरच्यांनी काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. राग हा स्वमग्नतेच्या निदानाचा निकष नाही. निकष आहेत ते सामाजिक संवादातील अडचणींचे आणि वर्तनातील व आवडीनिवडींतील तोचतोचपणाचे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आवाज, स्पर्श, प्रकाश, वास अशा संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसादही त्यांत धरला जातो. स्वभावाने अत्यंत शांत अशी स्वमग्न मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. मात्र वैताग यावा असे प्रसंग या मुलांच्या वाट्याला इतरांपेक्षा कितीतरी जास्त येतात आणि तो वैताग दुसऱ्याला सांगून मोकळे होण्याची साधने त्यांच्याकडे फार थोडी असतात. तुमच्या घरी संध्याकाळी जे घडते त्याचे मूळ बहुधा इथेच सापडेल.

दुसरा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले तर तिसऱ्याचे अर्धे काम होते.

सर्वसाधारण मुलाचा राग अगदी लहानपणापासून कोणाला तरी उद्देशून असतो. दोन वर्षांचे मूल खेळण्यांच्या दुकानासमोर लोळण घेते, तेव्हा रडता रडताही आई पाहते आहे की नाही याचा अंदाज ते घेत असते. आई वळून चालू लागली की आवाज वाढतो आणि आजी मध्ये पडली की मोर्चा आजीकडे वळतो. रुसणे, फुरंगटणे, अबोला धरणे, पाय आपटत निघून जाणे या सगळ्यांमागे समोरच्याने आपल्या मनातले ओळखावे अशी अपेक्षा असते. तुमची मुलगी गाल फुगवून बसते तेव्हा ती तुमच्याशी बोलतच असते. स्वमग्न मुलाला ही देवाणघेवाण आपसूक उमगत नाही. आपण कपाळाला आठ्या घातल्या तर आईला त्यातून काही कळेल, हे त्याच्या ध्यानात आलेलेच नसते. त्यामुळे त्याचा उद्रेक पुष्कळदा कोणालाच उद्देशून नसतो. खोलीत कोणी नसले तरी तो तसेच डोके आपटेल. ‘मुद्दाम करतो’, ‘आईला छळतो’ असे निष्कर्ष काढताना म्हणून फार जपावे लागते.

याचा अर्थ स्वमग्न मूल हट्ट करत नाही असा मुळीच नाही. तेही मूलच आहे, त्यालाही मोबाइल हवा असतो आणि रडल्यावर तो मिळतो हे त्यालाही कळते. हट्ट आणि ताण असह्य होऊन तोल जाणे, ज्याला आता सर्रास मेल्टडाउन म्हटले जाते, यांतला फरक घरच्यांना सरावाने ओळखता येतो. हट्टाला एक मागणी असते आणि ती पुरी झाली की डोळे पुसले जातात. शिवाय हट्ट करणारे मूल स्वतःला फारसे लागू देत नाही. मेल्टडाउनमध्ये मागणी पुरी केली तरी काही उपयोग होत नाही, मघाशी हवी असलेली वस्तू हातात दिली तर ती भिरकावली जाते, मूल घामाघूम होते, इजेचे भान राहत नाही आणि सगळे ओसरल्यावर ते गळून जाते किंवा तिथेच झोपी जाते. काही वेळा एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते. हट्टाने सुरू झालेले रडणे मुलाच्या आवाक्याबाहेर जाते आणि मग ते थांबवणे त्याच्याही हातात राहत नाही.

आता हसण्याबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना सर्वांत जास्त दुखावणारी गोष्ट हीच असते. आपण पोटतिडकीने सांगतो आहोत आणि मूल खिदळते आहे, हे पाहून वडिलांचा हात उठतो. स्वमग्न मुलाचा चेहरा आणि त्याच्या मनातली भावना यांची जोडी आपल्या सवयीची नसते. काहींच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, काहींच्या चेहऱ्यावर भलतेच उमटते. मोठ्या आवाजाने, आपल्या ताणलेल्या चेहऱ्याने मूल घाबरते आणि त्या घाबरण्याची वाट हसण्यातून निघते. त्या हसण्याकडे बारकाईने पाहिले तर खांदे वर चढलेले, बोटे आखडलेली आणि नजर दुसरीकडे वळलेली दिसेल. गंमत वाटणारे मूल असे हसत नाही. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन वाचता येत नाही एवढेच सांगणे अपुरे आहे, कारण इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही आणि अडचण दोन्ही बाजूंची असते. त्यानंतरच्या अभ्यासांतूनही स्वमग्न व्यक्तींच्या चेहऱ्यावरील भाव इतरांना नीट ओळखता येत नाहीत असे दिसून आले आहे. तुमच्या मुलाला तुमचा राग वाचता येत नसेल, पण त्याची भीती तुम्हालाही वाचता येत नाही, हे एकदा मनाशी मान्य केले की घरातले अर्धे गैरसमज कमी होतात.

मुलाच्या स्वतःच्या आत काय चालले आहे हे त्यालाही कळत नाही, हा याहून खोल फरक आहे. आपल्याला राग येऊ लागला की छाती धडधडते, कान तापतात, जबडा आवळला जातो आणि ‘आता मी चिडतोय’ हे आपल्याला उमगते. शरीरातून येणाऱ्या या खुणा स्वमग्न मुलांपर्यंत अनेकदा अस्पष्ट पोहोचतात. भूक, लघवीची भावना, उकाडा, भीती आणि राग यांची सरमिसळ होते. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देता न येण्याची ही अडचण स्वमग्न व्यक्तींपैकी साधारण निम्म्यांमध्ये आढळते असे संशोधन सांगते. म्हणूनच ‘तुला राग का आला, सांग ना’ हा प्रश्न तुम्ही कितीही मायेने विचारलात तरी त्याच्यासाठी तो न सुटणारा प्रश्न असतो. चांगले बोलणारी स्वमग्न मुलेसुद्धा अशा वेळी ‘पोट दुखतंय’, ‘घरी जायचं’ किंवा नुसतेच ‘माहीत नाही’ म्हणतात. ते खोटे बोलत नसतात.

राग उशिरा बाहेर येणे हेही त्याच पोटातले. सकाळी शाळेत कोणी डबा ओढला, त्या वेळी मूल गप्प राहिले आणि त्याचा उद्रेक संध्याकाळी सातला झाला, तर घरच्यांना कारण सापडत नाही. अशा वेळी मुलाच्या पुटपुटण्याकडे लक्ष द्यावे. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी, त्याच सुरात पुन्हा म्हणण्याची सवय अनेक स्वमग्न मुलांना असते. रात्री अंथरुणावर पडल्यावर एखादे मूल ‘हात खाली, हात खाली, सांगितलेलं कळत नाही का’ असे करड्या आवाजात म्हणत असेल, तर शाळेत काय घडले याचा तो जवळजवळ शब्दशः अहवाल असतो. आईवडील त्याला निरर्थक बडबड समजून ‘गप झोप’ म्हणतात. मी सांगते, ती वाक्ये वहीत लिहून ठेवा.

उद्रेकाच्या आधी काय घडते हे दाखवण्यासाठी एक प्रसंग थोडा सविस्तर सांगते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घराची सगळी घडी विस्कटते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईने अशाच एका संध्याकाळी फोन कपाटावर टेकवून केलेले चित्रण मला दाखवले. मोटार सुरू आहे. दारातून आत घेतलेली नळी फरशीवर पडली आहे, पिंप भरते आहे, घागरी रांगेत आहेत आणि फरशी ओली झाली आहे. मुलगा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर चवड्यांवर उभा आहे, एक कान खांद्याने दाबून धरला आहे. मग तो टीव्हीवरच्या एका जाहिरातीची ओळ म्हणू लागतो. प्रत्येक वेळी आवाज थोडा चढतो. आई ‘पायात येऊ नकोस’ म्हणत बाजूने जाते. तो ‘मोटार बंद?’ असे विचारतो. आई ‘हो हो, होईल’ म्हणते. तो पुन्हा विचारतो, आई पुन्हा तेच उत्तर देते. तो सदऱ्याची कॉलर ओढू लागतो, त्याचे कान लाल झालेले चित्रणातही दिसतात. तिसऱ्यांदा ‘मोटार बंद?’ हे जवळजवळ ओरडून येते आणि आईचे लक्ष उतू जाणाऱ्या पिंपाकडे असते. तेवढ्यात शेजारच्या काकू आत येतात आणि कौतुकाने त्याच्या हातात बिस्किट ठेवतात, ते मोडलेले असते. त्यानंतर किंचाळणे, बिस्किट फेकणे, हाताला चावणे, फरशीवर पडणे. ‘अगं, अर्ध्या बिस्किटापायी एवढं?’ हे काकूंचे वाक्य त्या चित्रणात शेवटी ऐकू येते.

घरातल्या प्रत्येकाला बिस्किट दिसले. पण बिस्किट अख्खे असते तरी दुसरे काहीतरी निमित्त झालेच असते. मोटारीचा आवाज, ओल्या फरशीचा स्पर्श, चहाची टळलेली वेळ, घरातील गडबड आणि आईचे नसलेले लक्ष हे सगळे आधीच साठले होते. ‘मोटार बंद?’ या दोन शब्दांत त्याने आपला राग, आपली विनंती आणि आपली मर्यादा तीनदा सांगितली होती. त्या आईला दोष देण्यासारखे यात काहीही नाही. पाणी गेले तर पुढचे काही दिवस घर कोरडे राहणार हे तिला ठाऊक होते. तिने नंतर जे केले ते सांगण्यासारखे आहे. पाणी येण्याच्या दिवशी मुलाला आधीच वरच्या मजल्यावर आजीकडे पाठवायचे, जाताना कानांवर आवाज अडवणारे हेडफोन द्यायचे आणि ‘पाणी, मोटार बंद, चहा’ अशी तीन चित्रे एका पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या हातात द्यायची असे तिने सुरू केले. मोटार बंद झाली की तो स्वतः येऊन पहिली दोन चित्रे काढून टाकतो.

शरीराची तयारी बाहेरून दिसणाऱ्या उद्रेकाच्या आधीच झालेली असते याला यंत्रांनीही दुजोरा दिला आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल असलेल्या स्वमग्न मुलांच्या मनगटावर नाडीचे ठोके, त्वचेवरील घाम आणि हालचाल मोजणारे उपकरण बांधले होते. त्या नोंदींवरून आक्रमक वर्तनाचा अंदाज सुमारे एक मिनिट आधी बांधता आला. घरी उपकरणाची गरज नाही. प्रत्येक मुलाच्या आधीच्या खुणा ठरलेल्या असतात. कोणी येरझारा घालते, कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, कोणी डोळे चोळते, कोणी अचानक गप्प होते, कोणाचे हात झटकणे वाढते. या खुणा कोणत्या हे दहा दिवस नीट पाहिले तर आईला कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक चांगले सांगता येते.

गप्प होण्याचा मुद्दा वेगळा सांगते, कारण तो निसटतो. काही मुलांचा राग बाहेर न येता आत वळतो. असे मूल टेबलाखाली जाऊन बसते, चादर डोक्यावर ओढून घेते, हाकेला ओ देत नाही, बोलता येणारे मूल अचानक बोलेनासे होते. याला शटडाउन म्हणतात. हे मूल शहाणे झाले असे घरच्यांना वाटते, प्रत्यक्षात ते तितकेच त्रासात असते. मुलींमध्ये आणि बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांमध्ये शाळेत सगळे दाबून धरण्याची प्रवृत्ती अधिक आढळते. इतरांची नक्कल करत, हात न हलवता, ओरडा सहन करत ती मुले सहा तास काढतात आणि घराचा उंबरा ओलांडताच कोसळतात. तुमच्या मुलाची शाळा ‘इथे काही त्रास नाही’ म्हणते, ते बहुधा प्रामाणिकपणेच म्हणत असेल. पण त्यावरून ‘आईच्या हाताखालीच तो असा वागतो, म्हणजे आईचे चुकते’ हा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. जिथे सुरक्षित वाटते तिथेच मूल सुटते. शाळेतून आल्यावरचा पहिला तास त्याला काहीही विचारू नका, गृहपाठ काढू नका, पाहुण्यांपुढे उभे करू नका. खाणे आणि आवडीचा कोपरा एवढेच असू द्या.

कशामुळे राग येतो यातही फरक आहे. मार्चपासून आपल्याकडे जो उन्हाळा सुरू होतो त्यात पारा चाळिशीपार जातो, घामाने चिकटलेला गणवेश काही मुलांना अक्षरशः टोचतो, आणि मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या चिडचिडीच्या तक्रारी वाढतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतील गड्डा जत्रा आणि शोभेचे दारूकाम हा आपल्या शहराचा आनंदाचा काळ, पण होम मैदानावरचे कर्णे, पाळणे आणि गर्दी काही स्वमग्न मुलांना सोसवत नाही. दुपारी, गर्दी कमी असताना, अर्धा तास नेऊन आणावे आणि दारूकाम लांबच्या गच्चीवरून दाखवावे. नेहमीचे रिक्षावाले काका बदलले, घरी जाण्याचा रस्ता खोदकामामुळे वळवला, भाकरीचा तुकडा वाकडा मोडला, खेळात हार झाली, एखाद्याने नियम मोडला, अशा गोष्टींतूनही ठिणगी पडते. यात आपल्या बोलण्याचाही वाटा असतो. ‘बघू’, ‘जरा थांब’, ‘उद्या जाऊ’, ‘आत्ता येते’ ही वाक्ये आपण वेळ मारून नेण्यासाठी वापरतो आणि इतर मुलांना ते कळते. स्वमग्न मुलासाठी ‘उद्या जाऊ’ हा करार असतो. उद्या गेलो नाही तर त्याच्या लेखी आपण शब्द मोडला, आणि त्याचा राग मला न्याय्य वाटतो. जे होणार नाही ते ‘होणार नाही’ असे सरळ सांगावे, जे होणार आहे त्याची वेळ घड्याळावर किंवा चित्रात दाखवावी.

शारीरिक दुखणे हे कारण तर नेहमी सर्वांत आधी तपासावे. ज्या मुलाला ‘दुखते’ हे सांगता येत नाही, त्याचे बद्धकोष्ठ, किडलेली दाढ, कानाचा जंतुसंसर्ग, आम्लपित्त किंवा अपुरी झोप हे सारे चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते. कानाजवळ मारून घेणे, हनुवटी किंवा पोट टेबलाच्या कडेवर दाबणे, जेवताना एकाएकी ताट ढकलणे अशी लक्षणे नव्याने सुरू झाली असतील, तर वर्तनाचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांना दाखवा. स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे (फिट येण्याचे) प्रमाणही इतर मुलांपेक्षा जास्त असते. उद्रेकाच्या आधी किंवा नंतर नजर एकाच जागी थिजणे, शुद्ध हरपणे असे काही दिसले तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास उशीर करू नये.

आता काय करावे याकडे येते. उपचाराचे ध्येय शांत मूल हे नसावे, असे माझे ठाम मत आहे. राग येणे हा त्याचा हक्क आहे. तो इतरांना समजेल आणि कोणालाही, त्यालाही, इजा होणार नाही अशा रीतीने सांगता येणे हे ध्येय असावे. त्यासाठी सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे चालणारा, म्हणजे ऐकला जाणारा, नकार. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये असे दाखवून दिले की त्रासदायक वर्तनातून मूल जे मिळवू पाहते तेच साध्या शब्दांत मागायला त्याला शिकवले, उदाहरणार्थ अवघड कामात मदत मागायला शिकवले, तर ते वर्तन कमी होते. त्यावर आधारलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तुमच्या मुलाला ‘नको’, ‘थांबा’, ‘मदत’ आणि ‘बाहेर’ हे चार शब्द बोलून, खुणेने किंवा चित्राच्या कार्डाने सांगता आले पाहिजेत. तो शांत असताना त्याचा सराव करून घ्या. त्याला न आवडणारी भाजी पुढे करा, त्याने कार्ड दाखवताच ‘नको? ठीक आहे’ म्हणून ताट लगेच बाजूला घ्या. सुरुवातीचे काही आठवडे हा नकार शक्य तेवढ्या वेळा मान्य करावा लागतो, नाहीतर कार्डाला किंमत उरत नाही आणि मूल पुन्हा चावण्याकडे वळते. इथेच घरातील मोठ्यांचा विरोध होतो, ‘असे ऐकत गेलात तर डोक्यावर बसेल’ म्हणून. तसे होत नाही. नकार ऐकला जातो याची खात्री पटली की मग ‘आधी औषध, मग बाहेर’ हेही मूल स्वीकारू लागते. औषध घेणे, रस्त्यावर हात धरणे अशा सुरक्षिततेच्या गोष्टींत नकार चालणार नाही हे मात्र पहिल्यापासून वेगळे ठेवावे.

हे शब्द घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेतच असावेत. आपल्या शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, तर अक्कलकोटकडच्या कुटुंबांत घरी कन्नड असे सर्रास असते आणि ‘एकच भाषा ठेवा’ असा सल्ला त्यांना अनेकदा मिळालेला असतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडते असे संशोधनात आढळलेले नाही. ज्या घरात आजी ‘नको’साठी तेलुगूत ‘वद्दु’ किंवा कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणते, त्या घरातील मुलाने रागाच्या क्षणी परकी भाषा आठवून ‘नको’ म्हणावे ही अपेक्षा चुकीची आहे. चित्रांची कार्डे किंवा टॅबवरील संवादाचे ॲप वापरल्याने मूल बोलायचे राहते ही भीतीही निराधार आहे.

उद्रेक सुरू झाल्यावर करण्यासारखे फार थोडे असते आणि ते थोडेच करावे. बोलणे थांबवा किंवा एकदोन शब्दांवर आणा. टीव्ही, मिक्सर, शक्य असेल तर ट्यूबलाइटही बंद करा. बघ्यांना बाहेर पाठवा. काचेच्या, धारदार वस्तू उचला, डोके आपटत असेल तर भिंत आणि डोके यांच्यामध्ये उशी किंवा आपली घडी घातलेली सोलापुरी चादर धरा. गच्च धरून ठेवल्याने बहुतेक मुले अधिक भडकतात. काहींना मात्र घट्ट मिठीने बरे वाटते, आणि आपले मूल कोणत्या गटातले हे तुम्हाला ठाऊक असते. थोड्या अंतरावर, त्याच्या डोळ्यांत न पाहता, त्याच्या उंचीला खाली बसून राहा. डोळ्यांत डोळे घालून ‘माझ्याकडे बघ’ म्हणण्याची ही वेळ नव्हे. ओसरल्यावर पाणी द्या, झोपू द्या. चौकशी, समज, माफी मागायला लावणे हे त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी काय घडले ते काड्यांची माणसे काढून दाखवा. पुष्कळ मुलांना बोलण्यापेक्षा चित्रातून अधिक कळते.

मारण्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण घरच्यांच्या त्या सल्ल्याचा उल्लेख तुम्ही केला आहे. धपाटा बसल्यावर मूल गप्प होते हे खरे आहे. ते भीतीने गप्प होते. राग कसा ओळखावा आणि कसा सांगावा यातले त्यातून काहीही शिकले जात नाही. उलट, राग आला की मारायचे एवढे मात्र ते पक्के शिकते आणि बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या हातात तेवढे बळही येते. घरातील ज्येष्ठांना हे पटवणे एकट्या आईचे काम असू नये. पुढच्या भेटीला आजोबांना किंवा आजींना सोबत आणा. वर सांगितल्यासारखे घरचेच चित्रण त्यांच्याबरोबर बसून पाहिले की बहुतेकांचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

औषधांविषयी थोडेसे. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. मात्र स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होत असेल आणि इतर उपाय पुरे पडत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञ औषध सुचवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वमग्न मुलांतील तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये ५ ते १६ वर्षे वयासाठी आणि अरिपिप्राझोलला २००९ मध्ये ६ ते १७ वर्षे वयासाठी मान्यता दिली. भूक आणि वजन वाढणे, सुस्ती हे त्यांचे परिणाम असतात, म्हणून वजन, रक्तातील साखर आणि चरबी यांची वेळोवेळी तपासणी आवश्यक ठरते. ओळखीच्या मुलाची चिठ्ठी दाखवून दुकानातून अशी औषधे आणू नयेत, किंवा सुरू असलेली एकदम बंदही करू नयेत.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, शाळेत सवलती मागताना त्याचा आधार मिळतो, आणि राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाला विमासंरक्षण मिळते. वर्गात शांत कोपरा, घंटेच्या आधी पाच मिनिटे बाहेर पडण्याची मुभा अशा साध्या गोष्टी शाळेकडे लेखी मागता येतात.

पुढचे दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक उद्रेकाची वेळ, त्याआधीच्या दोन तासांत घरात आणि शाळेत काय घडले, झोप आणि शौच यांची नोंद, अंगावरच्या खुणा, त्याने म्हटलेली वाक्ये जशीच्या तशी, आणि उद्रेकानंतर घरच्यांनी काय केले एवढे लिहा. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवसाचीही नोंद करा. तो दिवस कसा वेगळा होता हे पुढील आखणीसाठी सर्वांत जास्त उपयोगी पडते. शक्य झाल्यास आधीच्या काही मिनिटांचे चित्रण करा. वही, चित्रण आणि शाळेतील शिक्षकांनी लिहून दिलेले चार शब्द घेऊन या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा उपचारतज्ज्ञ यांच्यासह बसून आपल्याला त्याच्या संध्याकाळची नवी आखणी करता येईल.